लग्नपत्रिकेवरचा रूमी: सूफी वाट इंग्रजीत कशी पोचली

भाचीचं लग्न ठरलंय. ती लहानाची मोठी लंडनमध्ये झाली. मराठी छान बोलते, वाचताना मात्र अडखळते. मागच्या महिन्यात तिनं पत्रिकेचा मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. वर गणपती आणि त्याखाली इंग्रजीत रूमीच्या दोन ओळी. बरोबर आणि चूक यांच्या कल्पनांपलीकडे एक शेत आहे, तिथं मी तुला भेटेन, अशा अर्थाच्या. सोबत निरोप होता: "मामा, आजीसाठी याचं मराठी करून दे ना. आणि एक विचारू? रूमी मुसलमान होता का? माझी मैत्रीण म्हणते, तो सूफी होता, मुसलमान नव्हता."

मराठी करायला दहा मिनिटं पुरली असती. दुसऱ्या प्रश्नाला मात्र फोनवर दोन रविवार लागले. तिच्या मैत्रिणीला जे वाटतं तेच इंग्रजी वाचणाऱ्या लाखो लोकांना वाटतं, आणि त्यांच्याकडून ते आता आपल्याकडेही येऊ लागलंय. म्हणून तिला जे सांगितलं तेच इथं जरा सावकाश सांगतो.

सुरुवात उरुसापासून केली, कारण तो शब्द तिच्या ओळखीचा. सुट्टीत आजोळी आली की गावच्या पिराचा उरूस तिनं पाहिलेला. पाळणे, रेवड्या, कुस्त्यांचा फड, रात्री निघणारी संदलाची मिरवणूक, हातावर पडणारा मलिदा. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत उरुसाचा मान पाटलाच्या घरी असतो. आपल्या लेखी उरूस म्हणजे जत्रा. पण हा मूळचा अरबी शब्द 'उर्स' आणि त्याचा अर्थ लग्न. 'अरूस' म्हणजे नवरी. सूफी संत ज्या दिवशी वारला तो दिवस त्याच्या मीलनाचा दिवस. आयुष्यभर ज्याची ओढ होती त्याच्याशी अखेर गाठ पडली, म्हणून वाजतगाजत साजरा करायचा. रूमी 17 डिसेंबर 1273 रोजी तुर्कस्तानातल्या कोन्या शहरात वारले. तिथं आजही त्या रात्रीला 'शब-ए-अरूस', म्हणजे लग्नाची रात्र म्हणतात. इंग्रजीत उरुसाचा अर्थ बहुधा 'पुण्यतिथी' असा दिला जातो. तारीख अचूक पोचते, लग्न मागे राहतं.

भाची फोनवर गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे पत्रिकेवर रूमी असणं तसं बरोबरच आहे."

बरोबरच आहे. आणि रूमी मुसलमान होते, तेही नावापुरते नव्हेत. घराणं धर्मपंडितांचं, वडील बहाउद्दीन वलद नावाजलेले प्रवचनकार. रूमी स्वतः मदरशात शिकवत, फतवे देत, पाच वेळा नमाज पढत. 1244 साली शम्स तबरेझी हे भटके सूफी भेटले आणि त्यांचं आयुष्य उलटंपालटं झालं हे खरं. पण त्या उलथापालथीनंतर लिहिलेली 'मसनवी', सुमारे पंचवीस हजार द्विपदींचा तो ग्रंथ, पानापानावर कुराणातल्या आयती आणि पैगंबरांची वचनं घेऊन चालतो. ती काढून घेतली तर गोष्टी उरतील, पण त्या गोष्टी कशासाठी सांगितल्या ते कळणार नाही.

मग सूफी म्हणजे वेगळं काय? यासाठी मला एका हदीसइतकं, म्हणजे पैगंबरांच्या सांगण्या-वागण्याच्या नोंदीइतकं, सोपं उत्तर दुसरं सापडलेलं नाही. ती 'सहीह मुस्लिम' या संग्रहात आहे आणि पैगंबरांचे सोबती हजरत उमर यांनी सांगितलेली आहे.

एके दिवशी पैगंबर सोबत्यांमध्ये बसलेले असताना एक अनोळखी माणूस आला. कपडे पांढरेशुभ्र, केस काळेभोर. अंगावर प्रवासाची धूळ नाही, आणि गावातलं कुणी त्याला ओळखतही नाही. तो थेट पैगंबरांसमोर गुडघ्याला गुडघा लावून बसला आणि विचारू लागला. इस्लाम म्हणजे काय? उत्तर मिळालं: साक्ष देणं, नमाज, जकात, रमजानचे रोजे, ऐपत असेल तर हज. ईमान म्हणजे काय? उत्तर मिळालं: अल्ला, त्याचे फरिश्ते, त्याचे ग्रंथ, त्याचे पैगंबर, निवाड्याचा दिवस आणि नियती यांवर विश्वास. मग तिसरा प्रश्न: एहसान म्हणजे काय? पैगंबर म्हणाले, अल्लाची उपासना अशी कर की जणू तू त्याला पाहतो आहेस. आणि तुला तो दिसत नसला, तरी तो तुला पाहतोच आहे. माणूस निघून गेल्यावर पैगंबरांनी सांगितलं, हे फरिश्ते जिब्रील होते, तुम्हाला तुमचा धर्म शिकवायला आले होते.

इस्लाम अंगानं करायचा, ईमान मनानं धरायचं आणि एहसान म्हणजे या दोन्हींत जीव ओतायचा. सूफी वाट ही तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरामागे चालत गेलेली वाट आहे. तिसरा प्रश्न पहिल्या दोघांना रद्द करत नाही. तोही त्याच माणसानं, त्याच बैठकीत विचारलेला आहे. उर्दूत 'एहसान' म्हणजे उपकार, त्यामुळे आपलाही इथं घोटाळा होतो. अरबीत त्या धातूत सुंदर करणं आहे, एखादी गोष्ट नुसती न उरकता देखणी करणं.

'सूफ' म्हणजे लोकर. सुरुवातीच्या विरक्तांचा जाडाभरडा लोकरी अंगरखा, त्यावरून सूफी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण या लोकांनी स्वतःच्या वाटेला दिलेलं नाव आहे 'तसव्वुफ'. अरबीच्या व्याकरणात ते क्रियेचं नाव आहे: सूफी होत जाणं. आठव्या शतकात इराकातल्या बसऱ्याला राबिया नावाची बाई होऊन गेली. तिची गोष्ट अशी सांगतात की ती एका हातात पेटता पलिता आणि दुसऱ्या हातात पाण्याची घागर घेऊन रस्त्यानं निघाली. लोकांनी विचारलं, कुठं निघालीस? म्हणाली, स्वर्गाला आग लावायला आणि नरकाची आग विझवायला, म्हणजे लोक लालसेनं किंवा भीतीनं नव्हे तर केवळ त्याच्यासाठी त्याची भक्ती करतील. ही गोष्ट इंग्रजी पुस्तकांत फार आवडीनं देतात. तिच्या रात्री नमाजात सरत, असं त्याच परंपरेत सांगितलंय, ते मात्र बहुधा वगळलं जातं.

इमाम गझाली या धर्मपंडितांबद्दलही सांगायला हवं. 1095 साली ते बगदादच्या निजामिया मदरशात त्या काळातल्या सर्वांत मानाच्या जागेवर होते. एके दिवशी शिकवायला उभे राहिले आणि वाचाच बंद झाली. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की जीभ एक शब्द उच्चारेना. आपण हे सगळं देवासाठी करतोय की मानमरातबासाठी, या प्रश्नानं त्यांना आतून पोखरलं होतं. पद सोडून ते निघाले आणि कैक वर्षं भटकले. पुढं लिहिलेल्या त्यांच्या चाळीस प्रकरणांच्या महाग्रंथात वजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुणं, कसा करावा, नमाज कशी पढावी, जेवताना कसं वागावं, लग्न कसं निभावावं हे सगळं आधी येतं आणि ईश्वरप्रेम शेवटच्या भागात. हात धुण्यापासून सुरू होणारी वाट आहे ही. गझालींना सूफी म्हणावं की कर्मठ मौलाना, असा प्रश्न कुणी विचारला तर त्यांना तो कळलाच नसता.

वाट म्हणजे 'तरीकत'. वाटाड्या म्हणजे पीर किंवा मुर्शिद, त्याच्यामागे चालणारा मुरीद. पिराचा पीर, त्याचा पीर असं करत थेट पैगंबरांपर्यंत पोचणारी साखळी म्हणजे सिलसिला. चिश्ती, कादिरी, नक्शबंदी, सुहरवर्दी ही अशा साखळ्यांची नावं. ज्याच्याशी झुंजायचं तो 'नफ्स', आपलाच 'मी'. तो विरून जाणं म्हणजे 'फना'.

हे सगळं शब्दांत ठीक. पण सूफी वाटेचा गाभा करून पाहण्यात आहे, आणि इंग्रजीत नेताना सर्वांत जास्त तेच हातातून निसटतं. एकच उदाहरण घेतो. 'ला इलाह इल्लल्लाह.' इंग्रजीत याचं होतं एक वाक्य: अल्लाशिवाय देव नाही. वाचणाऱ्याला वाटतं हे मत आहे, पटलं तर घ्यावं, नाहीतर सोडावं. आता खानकाहमध्ये, म्हणजे सूफींच्या मठात, जिक्र (अल्लाचं स्मरण) करणाऱ्या माणसाकडे पाहा. मांडी घातलेली, डोळे मिटलेले. 'ला' म्हणताना तो नाभीपासून जणू काहीतरी वर ओढतो, 'इलाह' म्हणताना मान उजव्या खांद्याकडे जाते. 'ला इलाह', नाही कुणी देव: पैसा नाही, पद नाही, माझा अहंकार नाही, मी ज्याला ज्याला भजत आलो ते काहीच नाही. सगळं खांद्यावरून मागे टाकलं. मग मान डावीकडे खाली येते आणि 'इल्लल्लाह' हृदयावर आपटतं. सिवाय अल्ला. या आपटण्याला 'जर्ब' म्हणतात, घाव. आधी नकार, मग होकार: 'नफी-इस्बात'. शंभर वेळा, पाचशे वेळा, श्वासाच्या लयीत. चिश्ती मोठ्यानं करतात, नक्शबंदी बहुधा मनातल्या मनात. अर्ध्या तासानं ते वाक्य मत राहिलेलं नसतं, तो श्वास झालेला असतो. मी हे पहिल्यांदा जवळून पाहिलं तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या शिंप्याच्या कुडत्याची छाती घामानं भिजली होती आणि चेहरा एखाद्या झोपलेल्या पोरासारखा झाला होता.

मग इंग्रजीत सूफी आणि इस्लाम यांची फारकत कशी झाली? याचा एक धागा आपल्या मुंबईत सापडतो, हे मला कळलं तेव्हा मी चकित झालो.

1804 साली मुंबईत लिटररी सोसायटी स्थापन झाली. तीच पुढं टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जॉन माल्कम, जो पुढं मुंबईचा गव्हर्नर झाला, त्याच्या सांगण्यावरून लेफ्टनंट जेम्स ग्रॅहम यानं 1811 मध्ये या सोसायटीपुढं सूफी मतावर एक निबंध वाचला. तो 1819 मध्ये छापून आला. इंग्रजीत या विषयाला वाहिलेल्या अगदी सुरुवातीच्या लेखनांपैकी तो एक. त्याआधी कलकत्त्यात विल्यम जोन्स या इंग्रज पंडितानं फारसी काव्यावर लिहिलं होतंच. ही माणसं कष्टाळू होती, फारसी उत्तम शिकली होती. पण इस्लाम म्हणजे कोरडा, कठोर, तलवारीचा धर्म, ही समजूत त्यांनी युरोपातून सोबत आणली होती. इथं फारसी कवी हाफिज वाचला, रूमी वाचला, त्यात प्रेम, मद्य, विरह. दोन्हींचा मेळ बसेना. तेव्हा समजूत बदलण्याऐवजी त्यांनी काव्यच वेगळं काढलं: हे मुसलमानी असणं शक्य नाही, हे भारतातून नाहीतर ग्रीकांकडून आलेलं असणार, हे मुक्त विचारांचे लोक, नावाचेच मुसलमान.

त्यात शेपटीला 'इझम' लागला. तसव्वुफ, म्हणजे होत जाणं, याचा 'सूफीझम' झाला. एखादी विचारसरणी असावी तसा. ती कुठूनही उचलता येते, कुठंही ठेवता येते. होत जाण्याला मात्र माणूस लागतो, गुरू लागतो, वजूचं पाणी लागतं.

सुटे शब्दही असेच भरकटले. 'फकीर' पाहा. कुराणात म्हटलंय, लोकहो, तुम्ही अल्लापुढं फकीर आहात आणि अल्ला गनी, संपन्न आहे. म्हणजे राजाही फकीरच. इंग्रजीत तोच शब्द खिळ्यांच्या पाटावर झोपणाऱ्या जोगड्याचा झाला, आणि 1931 साली चर्चिलनं गांधीजींना हिणवायला तोच वापरला. अर्थ ठाऊक असणाऱ्या माणसाला ती शिवी लागलीच नसती.

विसाव्या शतकात एक वेगळी गोष्ट घडली. कुणा साहेबानं वाचून सांगण्याऐवजी एक सूफी स्वतःच पश्चिमेला गेला, आणि तो बडोद्याचा होता. इनायत खान, जन्म 1882. आजोबा मौलाबख्श हे गायकवाडांच्या दरबारातले थोर संगीतकार. 1886 साली महाराज सयाजीरावांच्या आश्रयानं त्यांनी बडोद्यात गायनशाळा काढली, संगीतासाठी स्वरलिपी बसवली. त्या घरात वाढलेला हा मुलगा वीणा उत्तम वाजवायचा. पुढं हैदराबादेत त्याला चिश्ती सिलसिल्यातले सय्यद अबू हाशिम मदनी हे मुर्शिद भेटले. आपल्या संगीतानं पूर्व-पश्चिमेचा मेळ घाल, अशी त्यांची आज्ञा होती. 13 सप्टेंबर 1910 ला इनायत खान भाऊबंदांसह अमेरिकेला निघाले. सुरुवातीला रूथ सेंट डेनिस या नर्तकीच्या ताफ्याबरोबर साथ करत फिरावं लागलं. साधनेसाठी वाजवायची वीणा करमणुकीच्या रंगमंचावर.

मला त्यांची अडचण फार जवळची वाटते. समोर बसलेल्या अमेरिकी बाईला अरबी येत नाही, नमाज ठाऊक नाही, आणि इस्लाम म्हटलं की ती दचकते. काय करायचं? इनायत खानांनी ठरवलं की आधी गाभा द्यायचा. मुरीद करून घेताना त्यांनी धर्मांतराची अट घातली नाही. सूफी संदेश सर्व धर्मांच्या आतला आहे असं सांगितलं. 1921 पासून त्यांच्याकडे एक प्रार्थनासभा सुरू झाली, तिथं एकाच वेदीवर सगळ्या धर्मांचे ग्रंथ ठेवून प्रत्येकासाठी मेणबत्ती लावत. 1927 मध्ये ते दिल्लीत वारले, निजामुद्दीन वस्तीत त्यांचा दर्गा आहे. त्यांची मुलगी नूर दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांसाठी व्याप्त फ्रान्समध्ये बिनतारी संदेश पाठवण्याचं काम करताना पकडली गेली आणि 13 सप्टेंबर 1944 ला डाखाउच्या छळछावणीत मारली गेली. बाप घर सोडून निघाला तीच तारीख.

इनायत खानांनी चूक केली असं मी म्हणणार नाही. त्यांच्यामुळे हजारो लोकांना वाट दिसली, आणि त्यांचं स्वतःचं पाऊल परंपरेत घट्ट होतं. पण बी दिलं आणि माती दिली नाही, की पुढच्या पिढीला वाटतं बी असंच दुकानात मिळतं. मैत्रिणीच्या त्या वाक्यात, 'सूफी होता, मुसलमान नव्हता', मुंबईतल्या त्या निबंधाइतकाच या उदारपणाचाही वाटा आहे.

त्याच सुमारास दुसरीकडून उलट प्रयत्न चालू होता: कुराणच नीट इंग्रजीत आणायचं. जॉर्ज सेलचा अनुवाद 1734 पासून होता, पण तो परक्याच्या नजरेनं केलेला. आता श्रद्धावान मुसलमानच हे काम हाती घेत होते, आणि त्यातल्या दोघांचा मुंबईशी संबंध. मार्माड्यूक पिकथॉल हा इंग्रज कादंबरीकार. 1917 साली त्यानं इस्लाम स्वीकारल्याचं जाहीर केलं, 1920 ते 24 मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'चं संपादन केलं, मग निजामाच्या नोकरीत हैदराबादेला गेला. अनुवादासाठी निजामानं त्याला भरपगारी रजा दिली. 1930 साली तो अनुवाद निघाला तेव्हा पिकथॉलनं शीर्षकातच 'अर्थ' हा शब्द घातला, कारण कुराणाचा अनुवाद होऊच शकत नाही, फार तर अर्थ सांगता येतो, अशी त्याची निष्ठा. दुसरे अब्दुल्ला यूसुफ अली. 1872 साली मुंबईत बोहरा घरात जन्मलेले, पुढं सनदी अधिकारी. त्यांचा अनुवाद 1934 पासून लाहोरातून भागांनी निघाला. त्यांच्या मूळ टिपांमध्ये सूफी छटा जागोजाग आहे, अंतरीच्या प्रकाशाबद्दल ते भरभरून लिहितात. पुढं सौदी अरेबियातून निघालेल्या सुधारित आवृत्त्यांत त्यातल्या कित्येक टिपा बदलल्या किंवा गळल्या. तिकडे इंग्रजी रूमीतून कुराण गळालं, इकडे इंग्रजी कुराणातून सूफी. दोन्हीकडे एकच जखम.

या दोघांची कसोटी पाहायला एक शब्द पुरतो: 'तकवा'. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीच म्हटलंय की हा ग्रंथ तकवा असणाऱ्यांना वाट दाखवतो. यूसुफ अली लिहितात: देवाला भिणाऱ्यांना. पिकथॉल लिहितो: वाइटापासून स्वतःला राखणाऱ्यांना. धातूचा अर्थ राखणं, जपणं. एक जुनी गोष्ट सांगितली जाते. हजरत उमर यांनी एका जाणत्या सोबत्याला विचारलं, तकवा म्हणजे काय? त्यानं उलट विचारलं, काट्याकुट्यातून कधी चाललात का? मग काय केलंत? उमर म्हणाले, कपडे आवरून घेतले आणि जपून पाऊल टाकलं. तो म्हणाला, तोच तकवा. मला तर धोतराचा सोगा हातात धरून बाभळीच्या रानातून चाललेले आजोबा दिसतात. 'देवाची भीती' म्हटलं की समोर रागावलेला देव येतो, 'जपणं' म्हटलं की आपलं पाऊल येतं. एका शब्दाच्या निवडीवर अख्ख्या धर्माचा चेहरा बदलतो.

भाचीनं दुसऱ्या रविवारी एक कठीण प्रश्न विचारला. "मग सूफी म्हणजे शांत, चांगले मुसलमान आणि बाकीचे कडवे, असं का सांगतात?" 2001 साली अमेरिकेवर झालेल्या हल्ल्यांनंतर इंग्रजी वर्तमानपत्रांनी ही विभागणी फार सोयीची केली. तिला मी अमीर अब्दुल कादिर यांचं नाव सांगितलं. अल्जीरियातले कादिरी सूफी. 1832 ते 1847 त्यांनी फ्रेंचांशी लढाई केली. हरले, कैदेत गेले, शेवटी दमास्कसला राहिले. 1860 मध्ये तिथं ख्रिस्ती वस्तीवर हल्ले झाले तेव्हा याच माणसानं स्वतः आपली माणसं घेऊन हजारो ख्रिश्चनांना वाचवलं. रोज तो इब्न अरबी या थोर सूफीचे ग्रंथ शिकवायचा. लढवय्या, रक्षणकर्ता आणि सूफी, तिन्ही एकच. दर्ग्यावर नवस बोलणं, कबरीपुढं वाकणं यावर मुसलमानांतच जुना वाद आहे, आणि तो खरा वाद आहे. पण त्या वादातले सूफी आपण इस्लामच्या बाहेरून बोलतोय असं कधी म्हणत नाहीत.

आणि आपण मराठी लोक? आपल्याकडे पीर, फकीर, उरूस हे शब्द चुलीपर्यंत आलेले. खुलताबादला दिल्लीच्या निजामुद्दीन औलिया या सूफींचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब विसावले, तिथंच जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची उघड्या आभाळाखालची साधी कबर आहे. माहीमला मखदूम अली माहिमी, मृत्यू 1431, ज्यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिलं. लाखो लोक उरुसाला जातात, मुंबई पोलिसांचा तिथं चादरीचा मान आहे, पण दर्ग्यातले बाबा एवढे मोठे भाष्यकार होते हे कितीजणांना ठाऊक? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना तर आपण संतच मानलं: 'शेख महंमद अविंध (मुसलमान), त्याचे हृदयी गोविंद.' ही जवळीक फार मोलाची आहे. तरी एक धोका आपल्यालाही आहे. जिक्र म्हणजे आपलं नामस्मरणच, पीर म्हणजे आपला सद्गुरूच, असं म्हणून आपण चटकन मिठी मारतो आणि ऐकायचं थांबतो. साहेबानं परकं म्हणून जे वेगळं काढलं, ते आपण आपलं म्हणून विरघळवून टाकतो. 'मसनवी'चा पहिला शब्द आहे 'बिश्नव': ऐक.

आता पत्रिका. केंब्रिजच्या रेनल्ड निकल्सननं 1925 ते 1940 अशी वर्षं घालून 'मसनवी' इंग्रजीत आणली, मूळ फारसी, अनुवाद आणि भाष्य मिळून आठ खंडांत. इतका काटेकोर माणूस की अचकट गोष्टींचा भाग इंग्रजीत लिहायला धजेना, तेवढा लॅटिनमध्ये लिहिला. सामान्य वाचक त्या खंडांकडे फिरकला नाही. मग 1976 पासून कोलमन बार्क्स या अमेरिकी कवीनं अशा विद्वानांच्या अनुवादांवरून सुट्या, मोकळ्या कविता घडवल्या. त्याला फारसी येत नव्हती, आणि त्यानं ते कधी लपवलं नाही. त्याचा रूमी घराघरांत गेला. भाचीच्या पत्रिकेवरच्या ओळी त्याच्याच. मूळ चार ओळींची रुबाई, रूमींच्या नावावर असलेली, अशी:

अज कुफ्र ओ ज इस्लाम बेरून सहराईस्त
मा रा ब-मियान-ए-आन फजा सौदाईस्त
आरिफ चो बदान रसीद सर रा बिनिहद
ने कुफ्र ओ ने इस्लाम ओ ने आंजा जाईस्त

'बरोबर आणि चूक' मुळात नाहीच. आहे ते कुफ्र आणि इस्लाम. कुफ्र म्हणजे झाकणं. बी मातीआड करणाऱ्या शेतकऱ्यालाही कुराणात एके ठिकाणी याच धातूचा शब्द आलाय. सत्य दिसत असून झाकून टाकणं म्हणजे कुफ्र. इस्लाम म्हणजे स्वतःला सोपवणं. तेराव्या शतकातल्या मुसलमानानं 'इस्लामच्याही पलीकडे' म्हणणं हे केवढं धाडस! 'बरोबर-चूक' केलं की तो धक्काच जातो. आणि 'शेत' नव्हे, 'सहरा' म्हणजे ओसाड माळ, जिथं बांध नाही, खूण नाही.

पण माझं मन तिसऱ्या ओळीवर अडलं. जाणता तिथं पोचला की काय करतो? 'सर रा बिनिहद': डोकं टेकवतो. झाकणाऱ्याचं नाव गेलं, सोपवणाऱ्याचं नाव गेलं, आणि उरलं ते काय, तर सोपवणं. नमाजातला सजदा. पत्रिकेवर ही ओळ नव्हती. बार्क्सच्या कवितेत तिथं गवत आहे आणि त्यात आत्मा आडवा होतो.

मी मराठी करून पाठवलं:

झाकणं, सोपवणं, दोन्हींपलीकडे एक माळ आहे,
त्या मोकळ्या जागेचं आम्हाला वेड आहे.
जाणता तिथं पोचतो आणि डोकं टेकवतो,
ना झाकणं तिथं, ना सोपवणं, ना तिथं जागा आहे.

तासाभरानं तिचा फोन आला. आजीला तिनं व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं होतं, अडखळत. आजीनं तिसरी ओळ पुन्हा म्हणायला लावली. पत्रिका आता चारही ओळींची छापायला गेली आहे.